रूट ६६ वरची मोटेलं कशी उभी राहिली, कशी ओस पडली आणि काही कशी उरली

आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हटलं की आधी चहा आणि मिसळ आठवते. मुक्कामाच्या जागेला आपण लॉज म्हणतो. त्यामुळे ‘मोटेल’ या शब्दाशी आपली ओळख वरवरचीच राहिली. हॉलिवूडच्या सिनेमात पळालेला गुन्हेगार जिथे लपतो ती रस्त्याकडेची बैठी इमारत, एवढीच. ही बदनामीही जुनी आहे. अमेरिकेच्या एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांनी १९४० साली एका मासिकात लेख लिहून रस्त्याकडेच्या या मुक्कामांना गुन्हेगारीचे अड्डे ठरवलं होतं.

मला मात्र या बैठ्या इमारतींबद्दल फार जिव्हाळा वाटतो. रस्ता बदलला की रस्त्याकाठच्या माणसाचं पोट कसं बदलतं, हे इतकं उघड दाखवणारी दुसरी वास्तू मला माहीत नाही. ते समजून घ्यायला सर्वांत चांगली जागा म्हणजे रूट ६६, शिकागोपासून कॅलिफोर्नियाच्या समुद्रापर्यंत जाणारा जुना महामार्ग.

आधी शब्द पाहू. मोटेल म्हणजे मोटर अधिक हॉटेल. १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो गावात आर्थर हाइनमन या वास्तुरचनाकाराने मोटारवाल्यांसाठी मुक्कामाची जागा बांधली आणि तिला ‘माइलस्टोन मो-टेल’ असं नाव दिलं. ते गाव रूट ६६ वर नाही, पण शब्द तिथला. आणि या शब्दात जी कल्पना आहे ती जागेच्या आखणीची आहे. त्या काळातलं हॉटेल शहराच्या मधोमध, रेल्वे स्टेशनजवळ असे. मोटारीने दिवसभर प्रवास करून धुळीने माखलेल्या कुटुंबाला तिथे गाडी लांब कुठेतरी लावावी लागे, मळक्या कपड्यांनी चकचकीत लॉबीतून जावं लागे आणि दार उघडणाऱ्यापासून सामान उचलणाऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवावं लागे. मोटेलने हे सगळं पुसून टाकलं. गाडी थेट खोलीच्या दारात लावायची, डिकीतून बॅग काढायची आणि चार पावलांत आत. लॉबी नाही, लिफ्ट नाही, टीप नाही.

आता रस्ता. ११ नोव्हेंबर १९२६ रोजी अमेरिकेने देशभरच्या महामार्गांना एकसारखे क्रमांक दिले, त्यात हा ६६. मराठी वाचकाला ६६ म्हटल्यावर मुंबई-गोवा महामार्ग आठवेल, कारण तोही राष्ट्रीय महामार्ग ६६ आहे. पण दोन्हीकडची पद्धत नेमकी उलटी. अमेरिकेत सम क्रमांकाचे रस्ते पूर्व-पश्चिम जातात, आपल्याकडे उत्तर-दक्षिण. अमेरिकेतला ६६ आठ राज्यांतून जायचा आणि त्याची लांबी सुमारे ३,९०० किलोमीटर होती. ओक्लाहोमातल्या टल्सा गावचे सायरस एव्हरी यांनी तो आपल्या राज्यातून जावा म्हणून खटपट केली. त्यामुळे तो सरळ रेषेत न जाता शिकागोहून तिरका खाली उतरला आणि शेकडो छोट्या गावांची मुख्य पेठ हाच त्याचा मार्ग झाला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे. रस्ता गावाबाहेरून जात नव्हता. तो दुकानांच्या, घरांच्या, शेतांच्या दारातून जात होता.

१९२० मध्ये अमेरिकेत साधारण ८० लाख मोटारी होत्या, १९३० पर्यंत त्या २ कोटी ३० लाखांच्या घरात गेल्या. एवढी माणसं रात्री झोपणार कुठे? सुरुवातीला ती कुठेही झोपत, शेतात, शाळेच्या पटांगणात, ओढ्याकाठी. मग गावांनी स्वतःच मैदानं मोकळी करून दिली. तिथे पाण्याचा नळ, संडास आणि चूल असे. बऱ्याच ठिकाणी हे फुकट होतं, कारण तंबू टाकणारा माणूस गावातून किराणा आणि पेट्रोल घेईल असा हिशेब होता. पण काम शोधत फिरणारी गरीब कुटुंबंही तिथे महिनोन् महिने राहू लागली, तेव्हा गावांनी शुल्क लावलं. आणि शुल्क लागताच खासगी माणसाला धंदा दिसला. पैसे घ्यायचेच तर तंबूऐवजी लाकडी खोली का नको?

पेट्रोल पंपाच्या मागे चार खोपटी बांधली, झाली सुरुवात. मग खोपटी सुटी न ठेवता एका छपराखाली जोडली, दोन खोल्यांच्या मध्ये गाडीसाठी आडोसा ठेवला आणि मध्ये अंगण सोडून इंग्रजी यू किंवा एल अक्षराचा आकार दिला. याला ‘टुरिस्ट कोर्ट’ किंवा ‘मोटर कोर्ट’ म्हणत. ‘मोटेल’ हा शब्द सर्रास रुळला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. मिझुरी राज्यातल्या क्यूबा गावचं वॅगन व्हील मोटेल हा या मधल्या टप्प्याचा सुंदर नमुना आहे. १९३० च्या दशकात ते स्थानिक ओझार्क दगडात बांधलं गेलं आणि बघताना खोल्या नव्हे तर छोटी घरंच वाटतात. त्याच राज्यात कार्थेज गावी १९३९ साली सुरू झालेलं बूट्स कोर्ट अगदी वेगळं आहे. पांढऱ्या गुळगुळीत भिंती, गोलावलेले कोपरे, सपाट छप्पर, आणि जाहिरात एकच, ‘प्रत्येक खोलीत रेडिओ’.

बहुतेक मोटेलं नवरा-बायको मिळून चालवत. दहा-पंधरा खोल्या, ऑफिसच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. रात्री दोन वाजता घंटा वाजली की उठायचं, किल्ली द्यायची. सकाळी चादरी बदलायच्या, धुवायच्या, दोरीवर टाकायच्या. यात मजुरीचा खर्च धरलेलाच नसे, म्हणून भाडं कमी ठेवता येई. कोणत्या गावात मोटेलं जास्त, हे ठरायचं दिवसभरात गाडी किती जाते यावरून. टेक्सासमधलं अमरिलो आणि न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्की या दोन मोठ्या शहरांच्या मधल्या ओसाड प्रदेशात टुकमकॅरी नावाचं गाव आहे. अमरिलोहून सुमारे १८० किलोमीटर, तिथून अल्बुकर्की आणखी २८०. वाळवंटात सूर्य बुडायला लागला की गाडी इथेच थांबवणं शहाणपणाचं. गावाने हे ओळखलं आणि शेकडो मैल आधीपासून रस्त्याकडेला फलक लावले, ‘टुकमकॅरी टुनाइट! २००० मोटेल रूम्स’.

त्याच गावात ब्लू स्वालो मोटेल आहे. १९३९ चं बांधकाम, बारा खोल्या, गुलाबी गिलावा आणि जवळजवळ प्रत्येक खोलीला लागून गाडीसाठी गॅरेज. १९५८ मध्ये फ्लॉइड रेडमन यांनी हे मोटेल लिलियन यांना साखरपुड्याची भेट म्हणून दिलं. लिलियनबाई लहानपणी घोडागाडीतून न्यू मेक्सिकोत आलेल्या आणि तरुणपणी रेल्वेच्या खाणावळींत काम केलेल्या होत्या. त्यांनी सुमारे चाळीस वर्षं हे मोटेल चालवलं. कुणाजवळ भाड्याला पैसे नसले तर त्या वस्तू घेत किंवा तसंच राहू देत. दारावरच्या निळ्या पाकोळीची निऑनची पाटी आज साऱ्या रस्त्याची ओळख बनली आहे. तिच्याखाली ‘१०० टक्के रेफ्रिजरेटेड एअर’ असं लिहिलेलं आहे, म्हणजे आपलं एसी. न्यू मेक्सिकोच्या उन्हाळ्यात त्या एका ओळीसाठी माणसं गाडी वळवत असणार.

निऑनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण मोटेल आणि निऑन ही जोडी उगाच जमलेली नाही. काचेची नळी जाळावर मऊ करून हाताने अक्षराच्या आकारात वाकवतात. आतली हवा काढून घेतात, थोडासा वायू भरतात आणि दोन्ही टोकांना हजारो व्होल्टचा विद्युतदाब देतात. निऑन वायूचा उजेड तांबूस नारिंगी. निळा हवा असेल तर निऑन चालत नाही, तिथे आर्गन वायू आणि पाऱ्याचा थेंब लागतो. नळीला आतून वेगवेगळे लेप दिले की हिरवा, गुलाबी, पांढरा असे रंग मिळतात. म्हणजे आपण ज्याला सरसकट निऑन म्हणतो त्यातली निम्मी पाटी निऑनची नसतेच. हा उजेड अंधारात लांबून दिसतो आणि ओळखू येतो, म्हणून रात्रीच्या थकलेल्या ड्रायव्हरला गाठायला याहून चांगलं साधन नव्हतं. ‘नो व्हेकन्सी’ या दोन शब्दांतला ‘नो’ वेगळ्या बटणावर असे. खोल्या भरल्या की मालक ऑफिसातून तेवढं बटण दाबी आणि रस्त्यावरच्या गाड्या न थांबता पुढच्या पाटीकडे जात.

पण ‘व्हेकन्सी’ची पाटी पेटलेली असली तरी ती सगळ्यांसाठी नव्हती. या रस्त्याच्या आठवणी सांगताना हे वगळलं जातं आणि ते मला मोठं खोटं वाटतं. काळ्या अमेरिकन कुटुंबाला यातल्या बहुतेक मोटेलांत खोली मिळत नसे. रूट ६६ ज्या काउंट्यांमधून, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांमधून, जायचा त्यांतल्या जवळपास निम्म्या ठिकाणी अशी गावं होती जिथे काळ्या माणसाने सूर्य मावळल्यावर थांबायचंच नाही, असा दंडक होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारे टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून एक मार्गदर्शिका काढायला सुरुवात केली. काळ्या प्रवाशाला कुठे झोपता येईल, कुठे जेवता येईल, याची यादी तिच्यात असे. त्या यादीत नसलेल्या टापूतून जाणारी कुटुंबं डबे, पांघरुणं आणि पेट्रोलचे कॅन बरोबर घेऊन रात्रभर गाडी चालवत राहत.

हे कायद्याने थांबलं ते १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने, आणि त्या कायद्याची कसोटी लागली तीही एका मोटेलवरच. अटलांटातल्या ‘हार्ट ऑफ अटलांटा’ मोटेलच्या मालकाने काळ्या ग्राहकांना खोली देण्याची सक्ती घटनाबाह्य आहे असा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६४ मध्ये तो फेटाळला. न्यायालयाचा युक्तिवाद मोठा रोचक आहे. या मोटेलात उतरणारे तीन चतुर्थांश लोक परराज्यांतले होते, म्हणजे हा राज्याराज्यांमधला व्यापार झाला आणि अशा व्यापाराचे नियम करण्याचा अधिकार घटनेने केंद्रीय संसदेला दिलेला आहे. मोटेल म्हणजे दुसऱ्या गावाहून येणाऱ्या माणसाचं घर, ही साधी गोष्ट निकालाचा पाया ठरली.

मग मोटेलं ओस का पडली? ‘मोठे रस्ते आले’ हे उत्तर बरोबर आहे पण अपुरं. २९ जून १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने ४१,००० मैल, म्हणजे सुमारे ६६,००० किलोमीटर, आंतरराज्य महामार्ग बांधायचं ठरलं आणि खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राने उचलला. हे रस्ते रुंद होते, वेगवान होते, पण मोटेलवाल्याचा घात केला तो त्यांच्या तिसऱ्याच गुणाने. त्या रस्त्यांना दारं नाहीत. रूट ६६ वर तुमचं शेत रस्त्याला लागून असेल तर तुम्ही तिथे धंदा मांडू शकत होता, प्रत्येक फुटाला किंमत होती. आंतरराज्य महामार्गावर चढायचं-उतरायचं ते ठरलेल्या जागीच, आणि दोन बाजूंना कुंपण. रस्ता तुमच्या शेतावरून गेला तरी एक गाडी तुमच्या अंगणात वळू शकत नाही. सगळी किंमत एकवटली ती उतरण्याच्या जागांच्या कोपऱ्यांवर. ते कोपरे महाग झाले आणि ते घेण्याची ऐपत होती ती साखळी कंपन्यांची.

त्यात वेग. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी २०० मीटर अंतर चौदा सेकंदांत कापते. तेवढ्यात पाटी वाचून, बायकोला विचारून, ब्रेक लावता येतो. ताशी १२० ला तेच अंतर सहा सेकंदांत संपतं. छोटी पाकोळी कितीही सुंदर असली तरी ती त्या वेगाला दिसत नाही. तिथे उंच खांबावरचं, आधीपासून ओळखीचं नाव लागतं. केमन्स विल्सन यांनी ते हेरलं. १९५१ च्या एका सहलीत मोटेलवाल्यांनी त्यांच्या पाच मुलांचे माणशी दोन डॉलर जास्त घेतले, त्याचा त्यांना संताप आला आणि १९५२ मध्ये त्यांनी मेम्फिसमध्ये पहिलं हॉलिडे इन उघडलं. मुलांना भाडं नाही आणि प्रत्येक गावात खोली सारखीच. जुन्या मोटेलांची गंमत हीच होती की प्रत्येक वेगळं, पण थकलेल्या आईबापाला रात्री दहा वाजता गंमत नको असते, स्वच्छ चादरीची खात्री हवी असते. हे मला नाकारता येत नाही.

बायपास गावागणिक येत गेला. ॲरिझोनातल्या सेलिग्मन गावाला तो २२ सप्टेंबर १९७८ रोजी आला. आदल्या दिवशीपर्यंत पेठेतून वाहणारी रहदारी एका दिवसात आटली. शेवटचं गाव विल्यम्स, तेही ॲरिझोनातलंच, १३ ऑक्टोबर १९८४. पुढच्या वर्षी ६६ हा क्रमांकच अधिकृत यादीतून काढून टाकण्यात आला.

पडत्या किमतीला ही मोटेलं घेतली कुणी? इथे आपल्या उपखंडाचा संबंध येतो. १९६५ च्या कायद्याने आशियाई लोकांना अमेरिकेचं दार उघडलं, १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, आणि सुरत, नवसारी, बारडोली भागातली पटेल-भक्ता कुटुंबं अमेरिकेत येऊ लागली. त्यांचा हिशेब जुन्या नवरा-बायकोंच्याच हिशेबासारखा होता. मोटेल घेतलं की राहायचं भाडं वाचतं, घरातलीच माणसं काम करतात, आणि भांडवल बँकेने नाही दिलं तर नात्यातले लोक शब्दावर देतात. काही विमा कंपन्यांनी त्यांना विमा नाकारला. शेजारच्या मोटेलवर ‘अमेरिकन मालकीचं’ अशा पाट्या लागल्या. त्यांनी १९८९ मध्ये आपली संघटना उभी केली, आणि आज अमेरिकेतल्या सुमारे ६० टक्के हॉटेलांची मालकी आपल्या सदस्यांकडे असल्याचं ती सांगते. अर्धवट रिकामी पडलेली मोटेलं या कुटुंबांनी चालू ठेवली नसती तर रूट ६६ वर आज बघण्यासारखं फार कमी उरलं असतं, असं माझं मत आहे.

कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोजवळचं विगवॉम मोटेल असंच एका भारतीय कुटुंबाने घेऊन नीट केलं. त्याचं भावंड ॲरिझोनातल्या होलब्रुकला आहे. १९५० साली चेस्टर लुइस यांनी तिथे शंकूच्या आकाराच्या पंधरा काँक्रीटच्या खोल्या बांधल्या. मूळ आराखडा फ्रँक रेडफर्ड यांचा. त्याचा मोबदला म्हणून लुइस यांनी खोल्यांत नाणं टाकून चालणारे रेडिओ बसवले, दहा सेंटला अर्धा तास, आणि ती नाणी रेडफर्ड यांना पाठवत. नाव मात्र चुकीचं आहे. विगवॉम हे गोल घुमटाचं घर, शंकूच्या आकाराचा तंबू तो टिपी, आणि होलब्रुकच्या आसपास राहणारे नवाहो किंवा होपी लोक यातलं काहीच पारंपरिक घर म्हणून वापरत नव्हते. ग्राहकाला ‘रेड इंडियन’ची करमणूक विकण्याचा तो काळ होता. महामार्ग बाजूने गेल्यावर हे मोटेल १९७४ मध्ये बंद पडलं, लुइस यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलांनी १९८८ मध्ये पुन्हा उघडलं.

पुनरुज्जीवनाची सुरुवात सेलिग्मनच्या एका न्हाव्याने केली. एंजल डेल्गाडियो यांनी १९८७ मध्ये गावकऱ्यांना जमवून संघटना काढली आणि ॲरिझोना राज्याकडून जुन्या रस्त्याला ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळवला. १९९९ मध्ये संसदेने कायदा करून राष्ट्रीय उद्यान सेवेमार्फत या मार्गावरच्या वास्तूंना मदत सुरू केली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अमेरिकेत एखादी वास्तू ‘नॅशनल रजिस्टर’ या ऐतिहासिक यादीत आली म्हणजे ती सुरक्षित झाली, असं नाही. खासगी मालक स्वतःच्या पैशाने ती पाडू शकतो. यादीचा उपयोग मुख्यतः पैशाचा आहे. उत्पन्न देणारी इमारत ठरलेल्या नियमांनी दुरुस्त केली तर खर्चाच्या २० टक्के करसवलत मिळते. सेंट लुइसजवळचं कोरल कोर्ट हे पिवळसर चकाकत्या फरशांचं, काचेच्या विटांचं अप्रतिम मोटेल १९८९ मध्ये यादीत आलं आणि १९९५ मध्ये पाडलं गेलं. तिथे आता घरं आहेत. एक खोली तेवढी जवळच्या वाहतूक संग्रहालयात पुन्हा उभी केली आहे. शहराला लागून असल्याने तिथली जमीन मोटेलपेक्षा महाग झाली होती. टुकमकॅरीत जमिनीला भाव नव्हता, म्हणून पाडण्यात फायदाही नव्हता. ज्या बायपासने गिऱ्हाईक नेलं त्यानेच बुलडोझरही दूर ठेवला. अल्बुकर्कीचं १९३७ चं एल वाडो वाचलं ते पालिकेने ते ताब्यात घेतलं म्हणून, आणि २०१८ मध्ये ते पुन्हा सुरू झालं.

२०२६ मध्ये या रस्त्याला शंभर वर्षं होत आहेत. तिकडे राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्यांनी एक करावं. फोनवरचा नकाशा तुम्हाला आंतरराज्य महामार्गावरच ठेवील, त्याचं ऐकू नका, ‘हिस्टॉरिक रूट ६६’च्या तपकिरी पाट्या बघत गावात उतरा. खोली फोन करून धरा. ब्लू स्वालोची गॅरेजं १९३९ च्या गाडीच्या मापाची आहेत, आजची थोराड एसयूव्ही आत जाईलच असं नाही. आणि अंधार पडायच्या अर्धा तास आधी पोचा, कारण आकाश अजून निळं असतानाच मालक पाट्या पेटवतात, आणि ते बघायला पाहुणे खोल्यांबाहेरच्या लोखंडी खुर्च्यांवर येऊन बसतात.